ऑक्सिजनचं पान आणि थायरॉइडचं पान : स्वामी कुवलयानंदांचं आपण काय घेतलं?

सुरुवातीला एक वाक्य सांगते. तुमच्यापैकी जे कधी योगवर्गाला गेले असतील त्यांनी ते नक्की ऐकलेलं असणार. "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळू द्या." टीव्हीवर सकाळी सहाला हेच वाक्य, सोसायटीच्या गच्चीवर हेच, आणि २१ जूनला मैदानावर लाउडस्पीकरवरूनही हेच.

हे वाक्य चूक आहे असं एका माणसाने १९३१ साली छापून ठेवलं होतं. तो कुणी योगाचा विरोधक नव्हता. योगासाठी त्याने आख्खं आयुष्य दिलं होतं, आजन्म ब्रह्मचारी राहिला होता, आणि योग प्रयोगशाळेत नेणारा पहिला माणूस म्हणून आपण त्याचं नाव घेतो. स्वामी कुवलयानंद, लोणावळ्याच्या कैवल्यधाम आश्रमाचे संस्थापक. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. पण गौरवाचं भाषण म्हणून नाही. गौरव पुष्कळ झालेला आहे. मला त्यांची दोन पानं शेजारी शेजारी ठेवून वाचायची आहेत, एक ऑक्सिजनचं आणि एक थायरॉइडचं.

आधी थोडं चरित्र, झटपट. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, त्यावरून बुद्धीचा अंदाज यावा. पुढे बडोद्याचं कॉलेज. त्या बडोद्यात दोन गोष्टी त्यांच्या अंगात भिनल्या. एक म्हणजे टिळक-अरविंदांच्या काळातला राष्ट्रवाद. दुसरी म्हणजे राजरत्न माणिकरावांचा आखाडा, जुम्मादादा व्यायाम मंदिर. माणिकरावांनी नुसते पैलवान घडवले नाहीत. देशी हुकुमांवर शेकडो मुलांनी एकदम व्यायाम करायचा, ती संघव्यायामाची पद्धत त्यांनी बसवली. हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मग अमळनेर. साने गुरुजींमुळे आपल्याला माहीत असलेलं तेच. तिथे खानदेश एज्युकेशन सोसायटीत गुणे मास्तर झाले, पुढे राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. आणि १९१९ साली नर्मदाकाठी मालसर इथे त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. माधवदासजी मूळचे बंगालचे. त्यांच्या वयाबद्दल इतक्या आख्यायिका आहेत की त्यात मी पडत नाही. त्यांचाच आणखी एक शिष्य म्हणजे मणिभाई देसाई, नंतरचे श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ च्या डिसेंबरात मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. एका गुरूचे दोन शिष्य, आणि दोघांनीही योग गुहेतून गृहस्थाच्या घरात आणला. योगेंद्रांवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. आज नाही.

गुण्यांच्या डोक्यात मास्तर होता. गुरूकडून उड्डियान आणि नौली शिकल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा, की आत नेमकं काय होतं? कैवल्यधाम निघायच्या आधीच त्यांनी बडोद्यात डॉक्टरांच्या मदतीने विद्यार्थ्यांचे क्ष-किरण फोटो काढून पाहायला सुरुवात केली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला आश्रम निघाला, आणि त्याच महिन्यात 'योगमीमांसा' या इंग्रजी त्रैमासिकाचा पहिला अंकही निघाला. आश्रम आणि नियतकालिक एकदम! आधी शिष्य जमवू, मग बघू, असा हिशोब नव्हता. प्रयोग करायचा आणि लगेच छापायचा.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग सांगते, कारण या माणसाची तऱ्हा त्यात पूर्ण दिसते. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. साधक पाण्यात बसतो, गुदद्वारात एक नळी असते, तो नौली करतो आणि पाणी आपोआप आतड्यात वर चढतं. पंप नाही, पिचकारी नाही. मग पाणी चढतं कसं? एक समजूत अशी होती की आतडी उलट्या दिशेने हालत असतील. कुवलयानंदांनी पाऱ्याचा दाबमापक जोडला आणि पाहिलं. नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जात होता. मग पाणी चढणारच, सरबताच्या नळीतून चढतं तसं. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजही वाचताना मजा येते. प्रश्न स्वच्छ, उपकरण साधं, आणि उत्तर हो किंवा नाही असंच येणार.

आणि या पोकळीला त्यांनी नाव काय दिलं? 'माधवदास व्हॅक्यूम'. गुरूचं नाव!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. नंतर मला ते नाव फार बोलकं वाटायला लागलं. मोजायचं पाश्चात्त्यांच्या यंत्रानं, आणि जे मोजलं ते गुरुचरणी वाहायचं. यात ढोंग मुळीच नाही. पण या माणसाची प्रयोगशाळा कशासाठी उभी होती ते या दोन शब्दांत कळतं. परंपरा खरी आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती फक्त 'कशी खरी आहे' याबद्दल. आणि राज्य इंग्रजांचं असल्यामुळे ते राज्यकर्त्यांना समजेल अशा भाषेत दाखवायचं होतं. 'योगमीमांसा' इंग्रजीत का, याचंही उत्तर हेच.

आता पहिलं पान. १९३१ साली त्यांची दोन पुस्तकं आली, 'आसने' आणि 'प्राणायाम', दोन्ही मूळ इंग्रजी. त्या काळात दीर्घश्वसनाचं युरोप-अमेरिकेतून आलेलं मोठं फॅड होतं. जितकी हवा आत, तितका ऑक्सिजन, तितकं आरोग्य. आपल्याकडचे लोक खूष झाले. बघा, आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं! कुवलयानंदांना हा युक्तिवाद आयता मिळत होता. टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी तो घेतला नाही. आश्रमात त्यांनी श्वासातले वायू मोजले होते. आणि साधा हिशोबही होता. नीट केलेल्या प्राणायामात श्वास लांब, त्यात कुंभक, म्हणजे मिनिटाला आवर्तनं फार थोडी. एकूण हवा कमीच आत जाते. मग प्राणायामाची किंमत ऑक्सिजनमध्ये कशी असेल? ती असलीच तर मज्जासंस्थेवरच्या परिणामात आणि छाती-पोटातल्या दाबाच्या बदलांत असली पाहिजे, असं त्यांनी मांडलं.

आजचं शरीरशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन स्वस्थ बसल्या बसल्याच जवळजवळ भरलेलं असतं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला ते यंत्र लावून ९७, ९८ आकडे पाहिलेत. खोल श्वास घेऊन त्याचे १२० होत नाहीत. भराभर श्वास घेतला तर उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं. ते हलकं होणं म्हणजे ऑक्सिजन मिळाला, असं आपल्याला वाटतं.

म्हणजे त्यांनी काय केलं बघा. स्वतःच्या बाजूचा, लोकप्रिय, देशाभिमानाला गोड लागणारा दावा, मोजून पाहिल्यावर सोडून दिला. हे सोपं नाही हो. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, आम्ही आमचे आवडते सिद्धान्त एवढ्या सहज सोडत नाही.

याच वळणाचा एक माणूस त्यांच्याकडे शिकायला येऊन गेला. कोवूर बेहनन, मूळ केरळचे, येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधक. लोणावळ्यात कुवलयानंदांकडे योग शिकले, परत जाऊन स्वतःवरच मोजमापं केली, आणि १९३७ साली पुस्तक लिहिलं. त्यांना काय आढळलं? प्राणायामानंतर लगेच बेरजा-वजाबाक्यांसारख्या बौद्धिक कामाचा वेग कमी होतो. वाढत नाही, कमी होतो. त्यांनी ते तसंच छापलं, आणि योगाने स्वतःला स्वास्थ्य मिळालं हेही लिहिलं. एकाने दुसरं खोडलं जात नाही, हे त्यांना कळत होतं. आज 'योगाने एकाग्रता वाढते' या वाक्याखाली बेहननचं नाव कुणी टाकत नाही, हे ओघाने आलंच.

आता दुसरं पान. 'आसने' पुस्तकातलं सर्वांगासन.

इथे कुवलयानंद सांगतात की या आसनात गळ्याजवळ रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे थायरॉइड ग्रंथीचं आरोग्य सुधारतं, आणि थायरॉइड सुधारला की सगळं शरीर सुधारतं. वाचायला अगदी पटतं. हनुवटी छातीत रुतलेली, पाय वर, सगळं रक्त मानेकडे. पण जरा थांबून विचारा, हे मोजलं कुणी? रक्तदाब त्यांनी मोजला होता, शीर्षासनातला, सर्वांगासनातला. तो त्यांचा प्रामाणिक प्रयोग. पण या आसनाने ग्रंथीचा स्राव वाढला, हे मोजलेलं नाही. हे अनुमान आहे. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला होता, अंतःस्रावी ग्रंथी म्हणजे त्या दशकाची मोठी नवलाई होती, आणि त्या हवेतलं हे अनुमान आहे.

अनुमान करणं हा गुन्हा नाही. विज्ञान त्याशिवाय चालतच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. 'योगमीमांसे'त त्यांनी स्वतःच विभाग पाडले होते : शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकांसाठीचा. किती शहाणपणाची व्यवस्था! काय मोजलंय आणि काय फक्त वाटतंय, हे वाचकाला अंकाच्या रचनेतच कळावं. पण पुस्तक लिहिताना हे कुंपण पडलं. 'आसने' पुस्तकात मोजलेलं आणि मानलेलं एकाच ठाम आवाजात येतं. लेखक एकच, प्रयोगशाळा एकच, पांढरा कोट एकच. सामान्य वाचक फरक कसा करणार?

आणि झालं काय? ऑक्सिजनचं पान, जिथे त्यांनी मोजून 'नाही' म्हटलं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. थायरॉइडचं पान, जिथे त्यांनी न मोजता 'हो' म्हटलं, ते जगभर गेलं. आज कोणत्याही भाषेतलं योगाचं पुस्तक उघडा, सर्वांगासनाखाली थायरॉइड आहेच.

मी हे एवढं लावून का धरते, ते सांगते. माझ्या ओळखीत एक बाई आहेत, पन्नाशीच्या. थायरॉइडची गोळी रोज सकाळी. एका योगवर्गात त्यांना सांगितलं गेलं की सर्वांगासनाने ग्रंथी जागी होते, गोळीची सवय वाईट, आणि हे सगळं शास्त्राने सिद्ध झालेलं आहे. त्यांनी गोळी बंद केली. काही महिन्यांत चेहरा सुजला, मे महिन्यात शाल पांघरून बसायला लागल्या, आणि घरच्यांना वाटलं की वयाचं असेल. शेवटी मुलीने जबरदस्तीने रक्त तपासून घेतलं. आता त्या बऱ्या आहेत. सर्वांगासन अजून करतात, छान करतात, पाठीला बरं वाटतं म्हणतात. गोळीही घेतात. थायरॉइड कमी पडण्याचं एक फार मोठं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटणं, आणि ग्रंथीला कामाचा हुकूम येतो तो मेंदूतल्या पिट्यूटरीकडून. मानेत रक्त साचवून तो हुकूम बदलत नाही.

आता मी कुवलयानंदांना या बाईंच्या सुजेला जबाबदार धरते का? नाही. १९३१ च्या माणसाला आजची रक्ततपासणी माहीत असायचं कारण नाही. पण एक वाक्य त्यांना लिहिता आलं असतं : हे मी मोजलेलं नाही. ऑक्सिजनच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस ते वाक्य लिहायला का चुकला, हा प्रश्न मला पडतो. माझं उत्तर असं, की ऑक्सिजनचा दावा बाहेरून आलेला होता. तो नाकारताना परंपरेला धक्का लागत नव्हता, उलट योग दीर्घश्वसनाच्या फॅडपेक्षा वेगळा आणि खोल ठरत होता. सर्वांगासनाचा प्रश्न घरातला होता. 'माधवदास व्हॅक्यूम' हे नाव आठवा. आपल्या माणसाला दाबमापक लावताना हात थोडा हलका पडतोच.

अजून एक गोष्ट. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग मोजक्या, तयार झालेल्या साधकांवर होते, आश्रमातल्याच. नौलीसाठी ते बरोबरच आहे, नौली येणारा माणूसच लागणार. पण उपचाराचा दावा करायचा तर योग न करणाऱ्यांचा गटही लागतो, आणि ज्यांना फरक पडला नाही त्यांची नोंदही लागते. त्या काळात वैद्यकातसुद्धा हे सगळीकडे होत नव्हतं, म्हणून मी याचा फार दोष देत नाही. तरी वारसा म्हणून बघताना ही उणीव दिसते.

प्रभावाची दुसरी वाट शाळांकडे गेली. माणिकराव आठवतायत ना? १९३६ मध्ये कुवलयानंदांचं 'यौगिक संघव्यायाम' आलं, पुढे मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष झाले. ज्या शाळेकडे ना मैदान, ना लेझीम, ना पैसे, तिच्या मुलांसाठी बिनखर्चाचा व्यायाम हवा होता. हेतू उत्तम. पण रांगा, हुकूम, एक-दोन-तीन-चार. आपण सगळे पी.टी.च्या तासाला त्यातून गेलो आहोत. शिट्टीवर शंभर मुलं एकदम वाकतात तेव्हा कुणाचा श्वास कुठे आहे हे कोण बघणार? ज्याने एकेका माणसाच्या पोटातला दाब मोजला, त्याच्या नावे शेवटी सगळ्यांना एकाच मापाने वाकवणारा तास आला. २१ जूनच्या मैदानांचा मुख्य पूर्वज मला पतंजलीपेक्षा या पुस्तकात दिसतो.

१९२७ साली गांधीजी आजारी होते तेव्हा आसनांबद्दल त्यांचा आणि कुवलयानंदांचा पत्रव्यवहार झाला. त्याच वर्षांत 'सत्याचे प्रयोग' क्रमशः छापून येत होते. दोघंही स्वतःच्या शरीराला प्रयोगशाळा मानणारे. मला वाटतं, 'प्रयोग' हा शब्द त्या पिढीसाठी व्रत या शब्दाच्या फार जवळचा होता. त्यात निष्ठा आधी, निष्कर्ष नंतर. कुवलयानंदांचं बळ आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत.

एक तुलना करून आवरतं घेते. १८ एप्रिल १९६६ ला स्वामीजी गेले. त्याच वर्षी लंडनहून बी. के. एस. अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' बाहेर पडलं. अय्यंगार पुण्याचे, म्हणजे लोणावळ्याहून दीड तासावर. पुस्तकात सहाशेच्या आसपास छायाचित्रं. एकेका आसनाची कृती इतकी बारीक की त्या बाबतीत त्याला तोड नाही. पण प्रत्येक आसनाखाली 'परिणाम' म्हणून एक परिच्छेद येतो, यकृत सुधारतं, पचन सुधारतं, आणि पुराव्याचं नावही नाही. अय्यंगारांनी निदान प्रयोगशाळेचा दावा केला नव्हता, त्यांचा अधिकार त्यांच्या शरीरातून आणि हजारो विद्यार्थ्यांना हात लावून आला होता. नंतरच्या लोकांनी दोन्हींची सरमिसळ केली. छायाचित्र अय्यंगारांकडून घेतलं, 'शास्त्रीय' हा शब्द लोणावळ्याकडून घेतला, आणि दाबमापक तेवढा मागे राहिला.

लोणावळ्यात मात्र तो पूर्ण गंजला नाही, हे सांगायला हवं. १९६८ साली तिथल्या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणसं बसवून मोजमापं केली आणि वैद्यकीय नियतकालिकात छापली. भूसमाधीच्या चमत्काराची ती शांत डोक्याने केलेली तपासणी होती. ग्रंथांच्या बाबतीतही तीच शिस्त. कुवलयानंद आणि शुक्ल यांनी संपादित केलेलं 'गोरक्षशतक' १९५८ चं, आणि स्वामी दिगंबरजी व रघुनाथशास्त्री कोकजे यांची 'हठप्रदीपिका' १९७० ची. हस्तलिखितं जुळवायची, पाठभेद तळाला द्यायचे, संशय असेल तिथे संशय नोंदवायचा. गंमत म्हणजे संपादनात ते जे करत होते तेच आसनांच्या फायद्यांबाबत करायला हवं होतं : प्रत्येक दाव्याखाली पाठभेद.

तुम्हाला वाचायचंच असेल तर 'प्राणायाम' आधी वाचा, 'आसने' नंतर. आणि 'आसने' वाचताना हातात पेन्सिल ठेवा. जिथे यंत्राचा, आकड्याचा उल्लेख आहे तिथे एक खूण, जिथे नुसतं 'होतं' म्हटलंय तिथे दुसरी. मी माझ्या प्रतीत तसं केलंय. सर्वांगासनाच्या पानावर दुसऱ्या खुणा पुष्कळ झाल्या. नौलीच्या पानावर जवळजवळ नाहीत.

थांबते. मागे एक हात वर दिसतोय, बहुतेक थायरॉइडचाच प्रश्न असणार. घेऊ या.